रिपोर्ट कोरा, दप्तर शाबूत

बेळगावजवळच्या एका गावातून आलेलं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते.

"माई, माझं वय २९. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. चार वर्षांपूर्वी गणपतीत रक्तदान शिबिरात रक्त दिलं आणि आठवड्यानं फोन आला, तुम्हाला 'बी कावीळ', म्हणजे हेपटायटिस बी आहे. माझे डोळे कधी पिवळे झाल्याचं मला आठवत नाही. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, ४८ लाख होता, यकृताची इजा दाखवणारं एसजीपीटी वाढलेलं होतं. डॉक्टरांनी टेनोफोव्हिरची गोळी सुरू केली, रोज एक. गेली दोन वर्षं व्हायरल लोड 'नॉट डिटेक्टेड' येतोय. पण त्याच रक्ताची एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या प्रथिनाची चाचणी अजून पॉझिटिव्ह. एक कागद म्हणतो विषाणू नाही, दुसरा म्हणतो आहे. खरा कुठला?

आता मामांनी चंदगडकडचं स्थळ आणलंय. मुलगी मला आवडली आहे. पुढच्या महिन्यात सुपारी फोडायची आणि वैशाखात लग्न, असं चाललंय. आई म्हणते, रिपोर्ट चांगला आलाय तर गोळी आत्ताच बंद कर, खानापूरकडच्या एका वैदूचं काविळीचं औषध तीन रविवार घेऊ आणि विषय संपवू. मुलीकडं सांगितलं तर सोयरीक मोडेल, आणि मोडली की चार गावांत बोभाटा. मलाही वाटतं, विषाणू दिसतच नाही तर गोळी कशाला? आणि नसलेल्या रोगाबद्दल सांगायचं तरी काय? तुम्ही सांगा."

तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून एकेरीत लिहिते. बत्तीस वर्षं मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. डॉक्टर मी नव्हे. गोळीचा शेवटचा शब्द तुझ्या डॉक्टरांचाच. पण तुझा 'खरा कुठला?' हा प्रश्न माझ्या वर्गातला आहे, आणि त्याचं उत्तर कळलं की बाकीच्या गोष्टी तुझ्या तूच ठरवशील असं मला वाटतं.

दोन्ही कागद खरे आहेत. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत, एवढंच. ते का, हे कळायला हा विषाणू आपल्या प्रती कशा काढतो ते बघावं लागेल. जरा लांबण लागेल, पण मशीनवर काम करणाऱ्या माणसाला ड्रॉइंग दाखवल्याशिवाय पार्ट समजावता येत नाही, तसंच हे.

आपल्या सीमाभागातल्या माणसाला हा प्रकार इतरांपेक्षा लवकर कळावा. समज, घरात आजोबांच्या वेळचा एक मराठी कागद आहे. कचेरीत तो चालायचा तर आधी त्याचं कन्नड भाषांतर करून घ्यायचं. पुढं कुठं मराठीत लागला तर त्या कन्नडवरून पुन्हा मराठी. सरळ झेरॉक्स काढता आली असती, पण नाही, वळसा घालायचाच! हेपटायटिस बी चा विषाणू अगदी असाच वळसा घालतो. त्याचा मूळ मजकूर डीएनएत असतो. त्यावरून तो आरएनए बनवून घेतो आणि त्या आरएनएवरून पुन्हा डीएनए लिहितो. डीएनएवरून सरळ डीएनए काढायची सोय आपल्या प्रत्येक पेशीत आहे, पण हा त्या वाटेनं जात नाही.

आता सुरुवातीपासून. विषाणू रक्तातून यकृताशी पोचतो. यकृताच्या पेशीवर पित्तातले क्षार आत घ्यायचं एक दार असतं, एनटीसीपी नावाचं. हा त्याच दारानं शिरतो. हे दार कुठलं ते २०१२ साली बीजिंगमधल्या संशोधकांनी शोधलं. विषाणूचा पत्ता लागून तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती. सोबत आणलेला मजकूर अगदी छोटा, सुमारे ३२०० अक्षरांचा. तुझ्या माझ्या पेशीतला मजकूर तीन अब्ज अक्षरांचा आहे, म्हणजे त्याच्यापुढं हे पोस्टकार्डसुद्धा नव्हे. त्यातही काटकसर इतकी की एकाच ओळीतून दोन-दोन मजकूर वाचले जातात. हा डीएनए गोल असतो आणि अर्धवट असतो. त्याचा एक धागा पुरा, दुसरा मधेच तुटलेला.

हा अर्धवट कागद पेशीच्या केंद्रकात जातो, आणि तिथं त्याला पुरा कोण करतं? तुझीच पेशी. आपल्या डीएनएची डागडुजी करणारी जी माणसं पेशीत कामाला आहेत, ती हा तुटका धागा बघतात आणि इमानदारीनं भरून देतात. विषाणूची जोडणी विषाणूला करावी लागत नाही. झालेलं गोल, बंद, दोन्ही बाजूंनी पुरं वेटोळं आपल्याच गुणसूत्रासारखं प्रथिनांवर गुंडाळून केंद्रकात ठेवलं जातं. शास्त्रातलं त्याचं नाव लांबलचक आहे, आखूड करून त्याला 'सीसीसी डीएनए' म्हणतात. आपण त्याला मूळ दप्तर म्हणू. पुढं जे काही छापलं जाईल ते सगळं या दप्तरावरून.

मग आपल्या पेशीचाच लेखनिक हे दप्तर बघून आरएनएच्या नकला उतरवतो. सगळ्यांत लांब नक्कल साडेतीन हजार अक्षरांची, म्हणजे मूळ मजकुरापेक्षाही लांब, कारण लेखनिक गोलाला पूर्ण फेरा मारून थोडा पुढं जातो. ही नक्कल केंद्रकाबाहेर येते. तिच्यावरून दोन गोष्टी बनतात: एका डबीचे भाग, आणि एक भाषांतरकार. हा भाषांतरकार म्हणजे विषाणूचं स्वतःचं एन्झाइम, पॉलिमरेज. ज्या नकलेवरून तो जन्मला, बहुधा त्याच नकलेच्या एका गाठीला जाऊन तो चिकटतो. भोवती डबी बंद होते. आत एक नक्कल आणि एक भाषांतरकार.

इथून पुढचा भाग मला वर्गात शिकवायला फार आवडायचा. डबीत बसून तो आरएनएवरून डीएनए लिहायला घेतो, आणि पहिली काही अक्षरं चक्क स्वतःच्या अंगावर लिहितो! लिहायला सुरुवात करायला काहीतरी टेकू लागतो, तो टेकू तो स्वतःच. जसजसा डीएनए लिहून होतो, तसतशी मागची आरएनए नक्कल तो फाडत जातो. एक धागा पुरा झाला की त्याच्यासमोर दुसरा लिहायला घेतो, आणि तो मात्र अर्धवट राहतो. म्हणून बाहेर पडणारा विषाणू पुन्हा तसाच, एक धागा पुरा आणि एक तुटका. लिहिलेलं परत वाचून चुका दुरुस्त करायची सवय त्याला नाही, त्यामुळं प्रतींत फरक पडत जातात.

तयार डब्या दोन वाटांनी जातात. काहींवर बाहेरचा लखोटा चढतो आणि त्या रक्तात जातात, हा झाला पुरा विषाणू. काही मात्र बाहेर न जाता त्याच पेशीच्या केंद्रकात परत जातात आणि तिथं दप्तराच्या आणखी प्रती जमा होतात. ही दुसरी वाट लक्षात ठेव.

आरएनएवरून डीएनए लिहिता येतो हेच १९७० पर्यंत फारसं कुणाला खरं वाटत नव्हतं. त्या वर्षी टेमिन आणि बाल्टिमोर या दोघांनी वेगवेगळ्या विषाणूंत ते दाखवलं आणि १९७५ चं नोबेल घेतलं. कावीळ बी हेच करतो हे १९८२ मध्ये समर्स आणि मेसन यांनी फिलाडेल्फियात दाखवलं, ते बदकांच्या काविळीवर काम करून. बदकांनाही याचा भाऊबंद होतो. माणसातला बी चा विषाणू ज्या खुणेवरून सापडला ती खूण, म्हणजे तुझी ही एचबीएसएजी, ब्लुमबर्ग यांना १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एका मूळनिवासी माणसाच्या रक्तात मिळाली. म्हणून जुन्या डॉक्टरांच्या तोंडी अजून 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' हा शब्द असतो. बेळगावातल्या लॅबचे जुने कागद काढून बघितलेस तर त्यावरही दिसेल.

आता तुझी गोळी. टेनोफोव्हिर हा एक बहुरूपी आहे. डीएनए लिहायला जी चार अक्षरं लागतात त्यांतल्या 'ए' या अक्षराचं सोंग घेऊन तो भाषांतरकाराच्या हाती पडतो. भाषांतरकार त्याला खरं अक्षर समजून ओळीत बसवतो, आणि पुढचं अक्षर जोडायला त्याला कडीच नसते. लिखाण तिथंच थांबतं. (एन्टेकाव्हिर नावाची दुसरी गोळी असते, ती 'जी' या अक्षराचं सोंग घेते.) डबी तयार, पण आत पुरा मजकूर नाही. त्यामुळं रक्तात विषाणूचा डीएनए येईनासा होतो आणि व्हायरल लोडचं यंत्र म्हणतं, नॉट डिटेक्टेड. म्हणजे 'यंत्राला मोजता येईल इतका दिसला नाही'. तुझ्या बाबतीत ४८ लाखांवरून तिथं येणं ही खरोखर मोठी गोष्ट आहे. यकृताची रोजची जाळपोळ त्यामुळं थांबली.

पण बहुरूपी भाषांतरकाराच्या टेबलापाशी बसलाय. दप्तरखान्यात त्याला प्रवेश नाही. केंद्रकातलं मूळ वेटोळं जागच्या जागी आहे, त्यावरून आरएनएच्या नकलाही उतरतायत. आणि तुझी एचबीएसएजी, म्हणजे लखोट्याचं प्रथिन, ते आरएनए नकलेवरून सरळ बनतं. त्याला भाषांतरकार लागतच नाही! शिवाय विषाणूचे काही तुकडे आपल्या गुणसूत्रात कायमचे शिवले गेलेले असतात, त्यांच्यावरूनही लखोटे बनत राहतात. हा विषाणू तसाही रिकामे लखोटे पुऱ्या विषाणूंच्या हजारो पटींनी रक्तात सोडत असतो. म्हणून एक कागद म्हणतो, पत्रं येणं बंद झालं. दुसरा म्हणतो, छापखाना चालू आहे. दोघांत भांडण नाही.

मग गोळी बंद केली तर काय होईल ते तूच सांग. बहुरूपी उठला, भाषांतरकार पुन्हा कामाला, कच्चा माल तयारच. बऱ्याच जणांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत विषाणू परत रक्तात दिसतो. काहींत तो असा उसळतो की शरीराची फौज यकृतावर तुटून पडते, एसजीपीटी हजाराच्या घरात जातं आणि तेव्हा खरोखर डोळे पिवळे होतात. क्वचित यकृत निकामीही होतं. गोळीच्या खोक्यावर 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका' छापलेलं असतं, ते सगळ्याच खोक्यांवर असतं म्हणून आपण वाचत नाही. या गोळीच्या बाबतीत ते वाच.

कायम घ्यायची का? बहुतेकांना वर्षानुवर्षं, होय. डबीतून केंद्रकात परत जाणारी ती दुसरी वाट गोळीमुळं बंद होते, त्यामुळं दप्तराला नव्या प्रतींची भर पडत नाही आणि साठा घटतो, पण फार सावकाश. एचबीएसएजीसुद्धा निगेटिव्ह झाली आणि तशीच राहिली, तर गोळी थांबवायचा विचार डॉक्टर करतात. हे घडतं, पण थोड्यांच्या नशिबी. काही निवडक रुग्णांत त्याआधीही थांबवून बघतात, पण दर काही आठवड्यांनी रक्त तपासत, त्यांच्या देखरेखीखाली. लग्नाची तारीख हे थांबवण्याचं कारण होऊ शकत नाही. दप्तरच नष्ट करणाऱ्या औषधांवर जगभर काम चालू आहे, पण आज ते मेडिकलात मागून मिळणार नाही.

वैदूच्या औषधाबद्दल तुझ्या आईशी वाद घालू नकोस, तिच्या बोलण्याला आधार आहे. आपल्याकडं कावीळ म्हटलं की सगळ्या एकच. कन्नडात कामाले, संस्कृतात कामला, आणि तिघींचा अर्थ एवढाच की माणूस पिवळा पडला. पण ए आणि ई या काविळी खराब पाण्यातून येतात आणि बहुतेकांत आपोआप जातात. कुणी तीन रविवार काढा घेतला, पथ्य पाळलं, महिन्यात बरा झाला, आणि श्रेय काढ्याला. त्यातल्या बहुतेकांनी काही न घेता नुसती विश्रांती घेतली असती तरी ते बरे झाले असते. बी ही रक्तातून येणारी वेगळी जात, आणि तुझ्यासारख्याच्या अंगात ती डोळे पिवळे न करता वीस-पंचवीस वर्षं राहते. काविळीवर देतात त्या भुईआवळ्याचं म्हणशील तर १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी लॅन्सेट या मोठ्या नियतकालिकात छापलं होतं की भुईआवळ्याची पूड घेतलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांची ही एचबीएसएजी नाहीशी झाली. ब्लुमबर्ग स्वतः त्या कामात होते, म्हणजे कुणी सोम्यागोम्याचा दावा नव्हता. पण पुढं इतर ठिकाणी तसाच प्रयोग करून बघितला तेव्हा तो गुण आला नाही. पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आपल्या बेळगावातच, नेहरूनगरात आहे. वनस्पतींना कुणी नाक मुरडत नाही, फक्त तपासून घ्या म्हणतात. आणि खानापूरकडच्या त्या पुडीत नेमकं काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. काही झाडपाला यकृतालाच बाधतो. आईचं मन राखायचं तर तिच्या हातचं ताक पी, पुडी नको.

आता जरा नाजूक विषय. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. गोळीबद्दल तू विज्ञानाचा प्रश्न विचारलास, पण मला वाटतं तुझी खरी अडचण गोळ्यांची डबी आहे. लग्न झाल्यावर ती ठेवायची कुठं? रोज एक गोळी घेणारा नवरा दिसला की ती विचारणार. गोळीच नसली तर प्रश्नच नाही. बरोबर ना? रोगापेक्षा डबी लपवायची धडपड चाललीय. आणि ती लपणार नाही, लेका. टेनोफोव्हिर हेच औषध एचआयव्हीलाही देतात, कारण त्याच्याकडंही आरएनएवरून डीएनए लिहिणारा असाच एन्झाइम असतो. तिनं किंवा तिच्या भावानं एखाद दिवशी डबीवरचं नाव मोबाइलवर टाकलं तर पहिल्या ओळीत 'एचआयव्ही' दिसणार. तुला जो बोभाटा टाळायचाय त्याच्या दसपट मोठा बोभाटा तिथं होईल, आणि तेव्हा तू खरं सांगितलंस तरी कोण ऐकेल?

'नसलेल्या रोगाबद्दल काय सांगायचं' हे वाक्य तर वर सगळं वाचल्यावर तूच मागं घेशील. आहे, दबलेला आहे. आणि जिच्या अंगात तो जाऊ शकतो तिला कळण्याचा हक्क आहे. हे मी नीती म्हणून सांगतेच, पण व्यवहार म्हणूनही सांगते, कारण तिला वाचवायचा उपाय इतका सोपा आहे की न सांगणं हाच खुळेपणा ठरतो. लसीची तीन इंजेक्शनं. आज, एक महिन्यानं, आणि सहा महिन्यांनी. तुळशीचं लग्न नुकतंच झालंय, वैशाखापर्यंत साधारण तेवढेच महिने आहेत. पंचांग तुझ्या बाजूनं आहे.

आधी तिच्या तीन तपासण्या करायच्या: एचबीएसएजी, अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी प्रतिपिंडं) आणि अँटी-एचबीसी (विषाणू कधी येऊन गेल्याची खूण). तिला आधीच संरक्षण असेल तर लसही नको. नसेल तर तीन डोस, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस मोजून घ्यायचं. ते १० च्या वर आलं की संरक्षण आहे. तोवर कंडोम. तुझा व्हायरल लोड दिसत नाही म्हणजे धोका पुष्कळ उतरलाय, पण लस असताना त्या भरवशावर राहायचं काही कारण नाही. एका ताटात जेवणं, मिठी, चुंबन, एक बाथरूम, यातून हा पसरत नाही. ब्लेड, रेझर, टूथब्रश, नेलकटर मात्र तुझं तुझंच. सलूनमध्ये नवं पातं लावायला सांगायचं, ते तर सगळ्यांनीच सांगायला हवं.

मुलांची काळजी तू लिहिली नाहीस, पण तिच्या घरचे पहिला प्रश्न तोच विचारतील. मुलाला हा विषाणू मुख्यतः आईकडून, जन्माच्या वेळी लागतो. आई सुरक्षित असेल तर बाप पॉझिटिव्ह आहे म्हणून मूल जन्मतः पॉझिटिव्ह येत नाही. बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत लस आणि पुढं सहा, दहा, चौदा आठवड्यांची इंजेक्शनं, ती तर आता प्रत्येक सरकारी दवाखान्यात देतात.

सांगायचं कसं? मामांच्या तोंडून नको. मामा चंदगडला पोचेपर्यंत तुझ्या यकृताचं काय काय करतील सांगता येत नाही. सुपारी फुटायच्या आधी तू स्वतः, तिला एकटीला भेटून. 'मला एक आजार आहे' अशी दबकी सुरुवात नको. तारखेनं सांग: अमुक साली रक्तदानात कळलं, ही गोळी घेतो, हे रिपोर्ट, तुझ्यासाठी लस आहे, आणि तुला वाटलं तर माझ्या डॉक्टरांना तूच येऊन विचार. रिपोर्टची झेरॉक्स दे. एचआयव्हीचा विषय तूच काढ आणि तुझा एचआयव्ही निगेटिव्ह रिपोर्ट सोबत ठेव. टेनोफोव्हिर सुरू करण्याआधी ती चाचणी करतातच, तुझ्या फायलीत असेल. नसेल तर करून घे. तिला दोन-चार दिवस दे. घरच्यांना काय आणि कधी सांगायचं ते तिला ठरवू दे.

ती नाही म्हणाली तर? म्हणू शकते. तो तिचा निर्णय, त्यावर राग धरू नकोस. 'हे तुझ्यापाशीच राहू दे' एवढं मागता येईल. मुली आपण समजतो त्यापेक्षा धीट असतात हे माझं अनुभवाचं मत आहे, पण ते मत आहे, हमी नव्हे.

तुझ्यासारख्या इतर वाचकांसाठी थोडं. 'हेल्दी कॅरिअर', म्हणजे अंगात विषाणू आहे पण त्रास नाही, असं सांगून ज्यांना घरी पाठवलंय त्यांनी विषय सोडून देऊ नये. प्रत्येकाला गोळी लागतेच असं नाही, पण व्हायरल लोड, एसजीपीटी आणि यकृताचा कडकपणा दाखवणारी फायब्रोस्कॅन ही तपासणी ठरावीक काळानं झाली पाहिजे. विषाणूचे जे तुकडे गुणसूत्रात शिवले जातात ते यकृताच्या कॅन्सरचं एक कारण आहेत. म्हणून गोळी नीट चालू असणाऱ्यांनीही सोनोग्राफी कधी आणि किती वेळा करायची ते डॉक्टरांना विचारून ठेवावं. टेनोफोव्हिरवर असाल तर किडनीसाठी क्रिएटिनीन ही रक्ततपासणीही. दारू नको, शनिवारचीसुद्धा नको. खर्चाचा प्रश्न असेल तर २८ जुलै २०१८ पासून केंद्राचा विषाणूजन्य काविळींचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात तपासणी आणि या गोळ्या मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. बोर्ड कन्नडात असतात म्हणून परत फिरू नका, खिडकीवर 'हेपटायटिस बी' म्हटलं की कुठल्याही भाषेत कळतं.

आणि आता शेवटचं, जे तू विचारलंच नाहीस. तुला हे लागलं कुठून? मोठेपणी लागलं तर शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त लोकांचं शरीर त्याला हाकलून देतं. जन्मताना लागलं तर दहापैकी नऊ जणांत तो मुक्काम करतो. तू जन्मलास तेव्हा ही लस सरकारी लसीकरणात नव्हती. ती देशभर २०११ मध्ये आली. त्यामुळं तुला ते जन्मताना किंवा अगदी लहानपणी लागलं असण्याची शक्यता मोठी आहे. लहानपणीच म्हणशील तर आठवडी बाजारच्या दिवशी दवाखान्यात एकच काचेची सिरिंज आणि सुई उकळून सगळ्यांना टोचायचे ते दिवस मी बघितलेत. पण आईकडूनही असू शकतं. म्हणजे जी माउली तुला गोळी बंद कर म्हणतेय, तिच्याच यकृतात हे दप्तर पन्नास वर्षं न तपासता पडलेलं असू शकतं. तुझी बहीण असेल, भाऊ असेल, तर त्यांचंही. तिला असं सांगू नकोस की तुझ्यामुळं झालं. तिलाही ते कुणीतरी, नकळतच दिलेलं असणार. 'घरातल्या सगळ्यांची करायला सांगितलीय' एवढं म्हण, आणि ते खोटं नाही, डॉक्टर सांगतातच. एक एचबीएसएजी, एक टोचणी, दहा मिनिटं.

सुपारीच्या आधी तेही उरकून घे. शनिवारी सुट्टी असेल तर तूच तिला बसनं घेऊन ये, उपाशीपोटी यायची गरज नाही. फॉर्म इंग्रजीत नाहीतर कन्नडात असेल, सही करायच्या आधी तिला मराठीत वाचून दाखव.